आरोग्याच्या चार गोष्टी: माशाची नस



परवा नातवाने विचारले, "आजी, गोल्डफिशला दिसेनासे झाले तर त्याला चष्मा लावतात का?" आम्ही हसलो. पण खरी गोष्ट चष्म्याहून मोठी आहे. गोल्डफिशच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तुटली, तर ती काही आठवड्यांत पुन्हा वाढते आणि माशाला परत दिसू लागते!

हे कसे होते? नसेत हजारो बारीक तंतू असतात. प्रत्येक तंतू म्हणजे एका पेशीचा लांब हात. पेशीचे घर डोळ्याच्या पडद्यात आणि हाताचे टोक मेंदूत. प्रथिने बहुतेक घरीच बनतात. मग ती टोकापर्यंत न्यायची कशी? तंतूच्या आत बारीक नळ्यांचे रूळ असतात. त्यांवरून किनेसिन नावाचे रेणू पाठीवर माल घेऊन पाऊल पाऊल पुढे जातात.

न्यूयॉर्कच्या बर्निस ग्राफस्टाइन बाईंनी १९६७ साली गोल्डफिशमधली ही वाहतूक मोजून दाखवली. त्यांनी माशाच्या डोळ्यात किरणोत्सर्गी खूण केलेले अमिनो आम्ल टोचले. त्यातून बनलेली प्रथिने मेंदूपर्यंत केव्हा पोचतात ते पाहिले. तेव्हा मुंबईच्या लोकलसारख्या दोन गाड्या सापडल्या. फास्ट गाडी दिवसाला सुमारे ४० मिलिमीटर जाते, स्लो गाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! नस तुटल्यावर फास्ट गाडीतला माल वाढला आणि स्लो गाडीचा वेगही वाढला. घर पडले की विटा-चुना जास्त लागणारच ना?

आपल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतही मिखल श्वार्ट्झ यांनी यावर काम केले. बऱ्या होणाऱ्या माशाच्या नसेतली द्रव्ये सशाच्या जखमी नसेला दिली, तेव्हा तिच्यातही वाढीची थोडी चिन्हे दिसली. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले.

माणसाचे काय? हाता-पायाची तुटलेली नस नीट जोडली तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. पण डोळ्याची नस गेली की आजही परत येत नाही.

आजी-आजोबा, म्हणूनच हे सगळे सांगितले. काचबिंदूत हीच नस हळूहळू मरते आणि बहुधा काहीच दुखत नाही. "दुखत नाही, मग थेंब कशाला?" असे म्हणून औषध सोडलेले कितीतरी पेशंट आम्ही वॉर्डात पाहिले. पुढे त्यांचा हात धरून त्यांना चालवावे लागले. थेंबांनी गेलेली नजर येत नाही, पण उरलेली टिकवता येते.

मुलांनो, आज रात्री आजीला विचारा, "थेंब घातलेत का?" आपण काही गोल्डफिश नाही!