सात वाजताची पाळी आणि विनादिव्याची सायकल

हिवाळ्यात पांडेसऱ्यात पाळी बदलण्याची वेळ आणि अंधार एकत्र येतात. आपल्याकडच्या बऱ्याच मिलमध्ये सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी बारा तासांची पाळी असते. सुरतेत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जानेवारीत सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे कामावर जाताना झुंजुमुंजू आणि घरी येताना काळोख. खानदेशातून येऊन इथे स्थायिक झालेली आपली अनेक मंडळी आजही सायकलनेच मिल गाठतात. त्यांतल्या कित्येक सायकलींना ना पुढे दिवा, ना मागे.

कायदा नाही असे नाही. मुंबई पोलीस कायदा, 1951 पुढे गुजरातमध्येही चालू राहिला. रस्त्यावरील वाहनांना किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळेत असावेत, याचे नियम करण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे. डायनामोचा दिवा नसेल तर पोलीस सायकल अडवीत, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. केंद्र सरकारनेही 2020 मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता आदेश काढला. पण हा आदेश कारखान्यातून निघणाऱ्या नव्या मालासाठी आहे. आपला कामगार जुन्या बाजारातून घेतलेली सायकल चालवतो. तिथवर तो पोहोचत नाही.

धोका किती, हे साध्या हिशोबाने कळते. ताशी 50 किलोमीटर वेगाचा टेम्पो एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जातो. चालकाला सायकल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी 20 मीटर संपले. गडद शर्टातला माणूस तेवढ्याच अंतरावर दिसला, तर ब्रेक लागूनही उपयोग नाही. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. या आकड्यामागे कुणाचे तरी घर असते.

उपाय महागडे नाहीत. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पॅडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर. डायनामो सायकल थांबली की विझतो, म्हणून मागचा दिवा सेलवर चालणारा बरा. मिलचा धुरळा रिफ्लेक्टरवर बसतो, तो आठवड्यातून एकदा पुसावा. वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने जाऊ नये. मागचा लाल दिवा तेव्हा समोरून येणाऱ्याला दिसतच नाही.

मात्र सगळा भार कामगारावर टाकणे आम्हाला पटत नाही. रस्त्यावरचे दिवे चालू ठेवणे, कडेला अंधारात उभ्या राहणाऱ्या ट्रकांना आवरणे आणि मिलच्या फाटकावर पाळी सुटताना उजेड ठेवणे, ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. ती मागण्यासाठी मंडळांनी एकत्र अर्ज द्यायला हवेत.

आपल्या हातात आहे ते आपणही करू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा वाण म्हणून सायकलचा मागचा दिवा किंवा चमकणारी पट्टी द्यावी, असे आम्ही भगिनींना सुचवतो. वाण घरात जाईल आणि घरचा माणूस रस्त्यावर दिसेल.