चेन फास्ट झाली, म्हणून कॉइन घ्यायचं का?



मागच्या आठवड्यात अकोल्याच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक पोरगा मोबाइल घेऊन जवळ आला. त्याला मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकायचं आहे. गाळा पाहून ठेवलाय, डिपॉझिटचे 80 हजार जमवलेत. म्हणे, "सर, पॉलिगॉनचं अपग्रेड झालं. आता सेकंदाले पाच हजार ट्रान्झॅक्शन. डिपॉझिट द्यायले अजून महिना हाये. तोवर हे कॉइन घेऊन ठेवू काय?"

व्हिडिओत मी "नको" म्हणून मोकळा झालो. पण नुसतं नको म्हटल्यानं कोणाचं समाधान होत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी एक मान्य करू. अपग्रेड खरं आहे आणि काम चांगलं आहे. पॉलिगॉन हे आपल्या लोकांनी 2017 मध्ये मुंबईत सुरू केलं, तेव्हा नाव होतं मॅटिक. इथेरियम हळू चालायचं आणि गर्दी झाली की फी आभाळाला भिडायची. 2017 च्या शेवटी मांजरांच्या चित्रांचा एक गेम आला आणि सगळं नेटवर्क तुंबलं. मुख्य रस्त्याला बायपास काढावा तसं मॅटिक काढलं गेलं. तेव्हापासून रुंदीकरण सुरूच आहे. जुलै 2025 मधल्या एका अपग्रेडचं नाव होतं भिलाई. होय, आपल्या बडनेऱ्याहून हावड्याकडे जाणाऱ्या लाइनवरचंच भिलाई. त्यात क्षमता सेकंदाला हजार व्यवहारांच्या वर नेली. ऑक्टोबरमधल्या रिओ अपग्रेडनंतर पाच हजारांचा दावा आहे. फी रुपयाच्या आत.

जुलैमध्ये आणखी एक काम झालं, ते मला वेगापेक्षा मोठं वाटतं. पूर्वी व्यवहार पक्का व्हायला, म्हणजे आता तो उलटणार नाही असं म्हणायला, एक-दोन मिनिटं लागायची. ते पाच सेकंदांवर आणलं. दुकानदाराला हे लगेच समजतं. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवून "झालं भाऊ" म्हणतो आणि आपण साउंडबॉक्सकडे कान लावून उभे असतो, त्या मधल्या वेळाची ही गोष्ट आहे.

रस्ता रुंद झाला, पण कॉइनचं काय झालं? डिसेंबर 2021 मध्ये मॅटिक तीन डॉलरच्या जवळ गेलं होतं. सप्टेंबर 2024 पासून त्याचं पोल झालं, एकास एक. 2025 मध्ये रिओनंतर ते पाव डॉलरच्याही खाली होतं. म्हणजे या काळात चेन कित्येक पटींनी सुधारली आणि कॉइन नव्वद टक्क्यांवर पडलं. यात फसवणूक वगैरे काही नाही. रस्ता चांगला होणं वेगळं आणि टोलनाक्याचा शेअर चढणं वेगळं. उलट टोल जितका स्वस्त, तितकी एका गाडीमागे नाक्याची कमाई कमी. त्या पोराला मी हेच दोन आकडे कागदावर लिहून दिले.

मग दुसरा प्रश्न येतोच, "घेत नाही, पण काउंटरवर पेमेंट म्हणून स्वीकारू का? फी तर काहीच नाही."

फी यूपीआयवर तरी कुठे आहे? जानेवारी 2020 पासून दुकानदाराला बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर एमडीआर शून्य आहे. (साउंडबॉक्सचं भाडं जातं, ते वेगळं. त्यावर मी एकदा स्वतंत्र चिडणार आहे.) ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयने 2,000 कोटी व्यवहार केले. भागाकार करा, सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास येतात. ज्या वेगासाठी जगभर चेन अपग्रेड होताहेत, तो आपल्या पानटपरीवर फुकट चालू आहे. बंद दोघंही पडतात. एप्रिलमध्ये यूपीआय अडकलं, जुलैच्या शेवटी पॉलिगॉन तासभर अडलं.

फी शून्य असली तरी कर शून्य नाही. गिऱ्हाइकाने कॉइन दिलं तर आयकराच्या हिशेबात त्याने ते विकलं आणि तुम्ही घेतलं. त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे 1 टक्का टीडीएसचं लचांड तुमच्या मागे. पुढे तुम्ही ते विकून तोटा झाला, तर तो दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 200 रुपयांच्या कव्हरसाठी सीएची फी कोण भरणार?

एका जागी मात्र मी अडखळतो. अमरावतीत बसून परदेशी क्लायंटचं डिझाइनिंग, अकाउंटिंगचं काम करणारी मुलं आहेत. बँकेतून पैसे यायला दिवस लागतात आणि मध्ये कापाकापी होते. डॉलरला बांधलेलं कॉइन स्वस्त चेनवरून काही सेकंदांत येतं. त्यांची चिडचिड मला पटते. तरी आज ते करू नका. निर्यातीचे पैसे बँकेतून परकीय चलनात आल्याचा पुरावा नसेल, तर जीएसटीत तुमचं काम निर्यात म्हणून धरलं जाणं अवघड. चार दिवस वाचवायला जाऊन 18 टक्के गळ्यात येतील. नियम बदलला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, पण बदलेपर्यंत धंदा आहे त्या नियमानेच करायचा.

मग आपल्याला या स्वस्त चेनचा उपयोग काय? गडचिरोलीकडे बघा. 2022 मध्ये एटापल्लीत 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम झालं, म्हणजे खोटा दाखला लगेच पकडता यावा. दाखला घेणाऱ्याला कॉइन म्हणजे काय हे माहीत असायची गरज नव्हती. एका नोंदीला शंभर रुपये लागले असते तर हे कोणी केलंच नसतं. कोचिंग क्लासची सर्टिफिकेटं, वॉरंटी कार्डं, बियाण्यांच्या पिशव्या. खोट्या मालाने आपला वऱ्हाड किती पोळलाय हे मी सांगायला नको. तिथे कोणी सेवा उभी करत असेल तर मी त्याच्यासोबत दोन तास बसायला तयार आहे, फी न घेता.

पोराने कागद घडी करून खिशात ठेवला. "पण सर, मित्रानं तर घेतलं," म्हणाला. मी विचारलं, मित्राचा गाळा कुठे आहे? तर म्हणे, त्याले कुठं दुकान टाकायचं हाये. परवा त्याचा मेसेज आला, मालक 80 ऐवजी 75 वर तयार झाला आहे, करारनाम्यात काय काय पाहायचं ते सांगा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करतो.