पऱ्हाटी उपटलेले रान

बोदवडहून एका वडिलांचा फोन आला. मुलगा अकरावीत. त्याच्या हट्टापायी दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती मागवली होती. पहिल्याच फेकीत ती डावीकडे कलंडली आणि दहा सेकंदांत ढेकळांत शिरली. "इमान गेलं त्याचं काही नाही भाऊ," ते म्हणाले, "पोरगं आता रिमोटले हात लावत नाही."

जानेवारीत जाऊन आलो. विमानाचे नाक पिचले होते. मोटार, ईएससी, रिसीव्हर आणि सर्व्हो शाबूत होते. चूक मुलाची नव्हतीच. पोटाशी बसवलेल्या निमुळत्या पंखांचे जड विमान वेग उतरला की एका अंगावर कोसळणारच. विकणाऱ्याने ते नवशिक्याच्या गळ्यात मारले, हे खरे. पण आपण मुरलेली मंडळी तरी काय करतो? मैदानावर नवा मुलगा आला, की आधी त्याला आपले सर्वांत रुबाबदार विमान उलटेसुलटे करून दाखवतो आणि मग 'तू ट्रेनर घे' म्हणून सांगतो. तोवर त्याचा जीव त्या रुबाबावर जडलेला असतो.

त्याच सामानातून आम्ही दोन दिवसांत फोमचे दुसरे विमान केले. पंख १२० सेंटिमीटर, धडाच्या वर बसवलेला, दोन्ही टोके उचललेली. एलेरॉन नाहीत, फक्त रडर, एलेव्हेटर आणि थ्रॉटल. असे विमान कलले तरी स्टिक सोडल्यावर बहुधा आपले आपण सावरते, आणि नवशिक्याला हवे असते ते एवढेच. (निवडणुकीच्या फलकांचे सनपॅक फुकट मिळते म्हणून पंखाला वापरायचा मुलाचा विचार होता. मजबूत असते, पण वजन फार.) बॅटरी पुढेमागे सरकवून वजनाचा मध्य पंखाच्या रुंदीच्या पावाच्या किंचित मागे आणला. सगळे मिळून पाऊण किलो भरले.

मैदान कुठे, हा प्रश्न बोदवडला पडू नये. कपाशीची पऱ्हाटी उपटून वखर फिरवलेले काळे रान म्हणजे पोटावर उतरणाऱ्या विमानाला गादीच. रावेर-यावलकडच्या मित्रांना ही चैन नाही. केळीच्या बागेत शिरलेले विमान शोधायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. मात्र शिवार आधी पायी फिरून बघावे. पंपाकडे जाणाऱ्या वीजतारा दुरून दिसत नाहीत, आणि आकाशाकडे डोळे लावून मागे मागे सरकणाऱ्या माणसाला बिनकठड्याची विहीर तर मुळीच दिसत नाही. शेजारी एक जण फक्त जमिनीकडे बघणारा हवाच. मी त्या कामाला वडिलांना नेमले.

नियमांचे थोडक्यात. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचे, दोन किलोपर्यंतचे यान मायक्रो गटात येते आणि धंद्यासाठी उडवायचे नसेल तर त्याला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असे नव्हे. हिरव्या पट्ट्यात साधारणपणे ४०० फुटांची मर्यादा आहे. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, तेव्हा या भागात डिजिटल स्कायचा नकाशा उघडल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

खानदेशात खरा शत्रू ऊन. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. पंखाला तेवढाच भार पेलायला जास्त वेग लागतो, हातातून फेकलेले विमान आधी बसते आणि मग उचलते. मुरलेला माणूस हे बोटांनीच सांभाळून घेतो, नवशिका विमान घालवतो. शिवाय मेमध्ये बंद गाडीत ठेवलेली लिपो बॅटरी फुगली नाही तर नवल. म्हणून शिकायचे ते आताच, फेब्रुवारीत, सकाळी सातला. उन्हाकडे पाठ करून उभे राहावे. रान तापून हवा उसळू लागायच्या आत परतावे.

जानेवारीत नवे विमान उडवले त्या सकाळी मुलाला एकच गोष्ट अडली. विमान समोरून अंगावर येऊ लागले, की डावे-उजवे उलटे होते. सिम्युलेटरवर तो आठवडाभर बसला होता तरी हात गोंधळले. 'जो पंख खाली गेला, त्याच बाजूला स्टिक लोट,' एवढे सांगितले. माझा ट्रान्समीटर बडी लीडने त्याच्याशी जोडलेला होता. दोनदा मी विमान हातात घेतले, तिसऱ्यांदा घ्यावे लागले नाही. ते उतरले बांधापासून चार हातांवर, बोरीच्या झुडपात. प्रॉप मोडला. पोरगे धावत गेले ते खिशातला दुसरा प्रॉप काढतच.

एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात, पण तिच्या स्क्वाड्रन मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत. मुंबई-नागपूर गाड्या बोदवडवरूनच जातात. शिकवणारा तिथे उतरत नाही. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. मुलाने वर्गातले आणखी तिघे जमवले आहेत, आणि बडी लीड माझ्याकडे एकच आहे. भुसावळ-जळगावकडच्या ज्या वाचकांकडे दुसरी असेल, त्यांनी कार्यालयात कळवावे.