निर्वस्त्र किनारा आणि गावाची संमती

कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. त्याला लागून असलेल्या दाट अरण्यातून पाचशेच्या आसपास पायऱ्या उतरून गेले की ‘रेक बीच’ नावाचा किनारा लागतो. तेथे वस्त्रे अंगावर ठेवावीत की उतरवावीत, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. उन्हाळ्यात विद्यार्थी, नोकरदार, वृद्ध असे सर्व थरांतील लोक तेथे येतात आणि दुसऱ्याकडे टक लावून पाहणे हा असभ्यपणा समजला जातो.

असे किनारे म्हणजे पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा पुरावा, असे मत आपल्याकडे चटकन व्यक्त केले जाते. व्यक्तिस्वातंत्र्याची ही परिसीमा होय, असे म्हणणारेही आहेत. दोन्ही पक्ष वस्तुस्थिती पुरती पाहत नाहीत. कॅनडाच्या फौजदारी संहितेचे १७४ वे कलम सार्वजनिक ठिकाणी रास्त कारणाशिवाय नग्न राहणे हा अपराधच मानते. मात्र त्याबद्दल खटला भरण्यास अ‍ॅटर्नी जनरलची संमती लागते. कायद्याचा बडगा अशा रीतीने वाटेल त्या शिपायाच्या मर्जीवर सोपविलेला नाही. दुसरीकडे, किनाऱ्याच्या रक्षणासाठी १९७७ पासून नागरिकांची संस्था काम करीत आहे. परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र घेऊ नये, हा तेथील शिष्टाचार आहे. राज्यसंस्थेचा संयम आणि उपभोग घेणाऱ्यांची शिस्त, या दोहोंच्या आधारावर ही मोकळीक उभी आहे.

ही मोकळीक अढळ मात्र नसते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराजवळ उंच कड्यांच्या पायथ्याशी ‘ब्लॅक्स बीच’ आहे. १९७४ साली नगरपालिकेने तेथे वस्त्रांची सक्ती उठविली. गर्दी वाढली आणि कड्यावरच्या वस्तीतील रहिवाशांच्या तक्रारीही वाढल्या. १९७७ साली प्रश्न मतदारांपुढे ठेवला गेला व त्यांनी सवलत रद्द केली. किनाऱ्याचा उत्तरेकडील भाग राज्याच्या मालकीचा असल्याने तेथे जुनी प्रथा चालू राहिली. १९७९ साली राज्याच्या उद्यान विभागाने धोरण ठरविले, की कोणी नागरिकाने तक्रार केली तरच हस्तक्षेप करावा, आणि तोही प्रथम समज देऊन. मतदारांचा कौल योग्य होता की नव्हता, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु शहराच्या किनाऱ्याबद्दल शहराला विचारले गेले, हे नाकारता येणार नाही.

गोव्यात हे विचारणेच झाले नाही. १९६१ च्या मुक्तीनंतर काही वर्षांतच कळंगुट, हणजूण या गावांच्या किनाऱ्यांवर हिप्पींचे तांडे उतरले. त्यांना जो किनारा एकान्ताचा वाटला, तो वस्तुतः गावाचे अंगण होता. रापणकार तेथे जाळी ओढीत, रेंदेर माडावर चढत, स्त्रिया मासळीच्या पाट्या घेऊन त्याच वाटेने जात. पाहुण्यांनी वस्त्रे उतरविताना या माणसांची संमती घेतली नाही. ती घ्यावी असे त्यांच्या मनातही आले नसावे. मागोमाग देशातल्या शहरांतून आंबटशौकिनांच्या बसगाड्या हे दृश्य ‘पाहावयास’ येऊ लागल्या. गावाच्या वाट्याला अशा रीतीने दुहेरी उपद्रव आला. त्यातून गोव्याची जी सवंग प्रतिमा देशभर पसरली, तिचा जाच तेथील स्त्रियांना पुढे कितीतरी वर्षे सोसावा लागला.

भारतीय मनाला नग्नता सर्वथा असह्य आहे, असे यावरून मानणे चूक ठरेल. दिगंबर मुनींच्या विहाराला रस्ते वाट देतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधूंच्या मिरवणुकीला लोक हात जोडतात. तेथे त्या नग्नतेचा अर्थ समाजाने मान्य केलेला असतो. र. धों. कर्वे यांनी तर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयाची निर्भीड चर्चा मराठीत केली आणि त्या मासिकातील लेखनाबद्दल न्यायालयाची पायरीही चढली. भारतीय दंडसंहितेचे २९४ वे कलम, आणि २०२४ पासून त्याच्या जागी आलेले न्यायसंहितेचे २९६ वे कलम, सार्वजनिक अश्लील कृत्याला दंडनीय ठरविताना इतरांना होणाऱ्या उपद्रवाचाच निकष लावते. म्हणजे प्रश्न वस्त्राइतकाच शेजाऱ्याचाही आहे.

पर्यटनाच्या पैशासाठी असा एखादा किनारा आपल्याकडेही असावा, असा विचार कोणा सरकारच्या मनात आला, तर प्रकल्पाचा आराखडा मुंबईत किंवा पणजीत मंजूर होण्यापूर्वी तो त्या गावाच्या ग्रामसभेपुढे गेला पाहिजे. तिने नकार दिला तर विषय तेथेच संपावा. ग्रामसभेच्या होकारानेही सर्व काही साधणार नाही. प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे, आणि एका क्षणात टिपलेले चित्र जगभर फिरते. वस्त्र घातलेल्या परक्या स्त्रीचेही छायाचित्र गोव्याच्या वाळूवर बिनदिक्कत काढणारा प्रवासी पुष्कळदा पुण्या-मुंबईचाच असतो. पाश्चात्त्यांच्या नग्नतेवर नाक मुरडण्यापूर्वी त्याने स्वतःच्या हातातील ते यंत्र खाली घेतले, तरी गोमंतकीय गावांवर मोठे उपकार होतील.