घरातला मनोरा : सोय कोणाची, खर्च कोणाचा?

नव्या वसाहतींत संध्याकाळी दिसणारे एक दृश्य आता कोणालाच नवे राहिलेले नाही. आयुष्यभराचे कर्ज काढून घेतलेल्या सदनिकेतील गृहस्थ भ्रमणध्वनी कानाशी धरून सज्जाच्या कठड्यापाशी येतात, तेथेही आवाज तुटू लागला की जिन्यात जातात आणि घरचे खासगी बोलणे चार शेजाऱ्यांच्या साक्षीने पुरे करतात. घरात ‘रेंज’ नाही, ही तक्रार ठाण्या-पुण्याच्या उंच इमारतींत जितकी ऐकू येते, तितकीच ती कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांतही ऐकू येते. तिच्यावर सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचे उत्तर गेली काही वर्षे ठरून गेले आहे : घरी ब्रॉडबँड आहे ना? मग ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते पुरेसे आहे काय आणि त्याचा भार शेवटी कोणाच्या खिशावर पडतो, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत.

भिंतींचा अडसर

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळी हे यंत्र घराबाहेर वावरणाऱ्या माणसासाठी होते. घरात तारेचा दूरध्वनी होताच. आज बहुसंख्य घरांतून तो तारेचा दूरध्वनी नाहीसा झाला आहे. बँकेचा परवलीचा क्रमांक, रुग्णालयाचा निरोप, शाळेची सूचना, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, हे सारे एकाच यंत्रावर येते. म्हणजे जी सेवा रस्त्यासाठी जन्मास आली, तिच्यावर घराचा सारा व्यवहार येऊन पडला आहे.

ध्वनिलहरींचे वाहन असलेल्या रेडिओ लहरींना मात्र या सामाजिक स्थित्यंतराची दखल घेता येत नाही. काँक्रीट, लोखंडी सळ्या आणि उष्णता अडविण्यासाठी धातूचा पातळ मुलामा दिलेल्या काचा त्यांना क्षीण करतात. लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितके भिंत भेदणे अवघड. आरंभीची सेवा मुख्यतः ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होती. पुढे १८००, २३०० असे चढते पट्टे वापरात आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. नवी सेवा अधिक वेगवान असते, पण म्हणून ती घरात अधिक चांगली पोचतेच असे नाही. भिंती भेदण्यास योग्य असा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत चढ्या किमतीमुळे विकलाच गेला नव्हता. २०२२ मध्ये एका कंपनीने तो घेतला. निसर्गाने अडचण निर्माण केली खरी, पण तीत लिलावाच्या धोरणाचाही वाटा आहे.

यात नागरिकांचाही थोडा हात आहे. किरणोत्सर्जनाच्या भीतीपोटी अनेक गृहनिर्माण संस्था आपल्या गच्चीवर मनोरा येऊ देत नाहीत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली, तरी ही भीती ओसरलेली नाही. मनोरा हवा, पण तो शेजारच्या इमारतीवर, अशी ही वृत्ती आहे. आणि शेजारचीही वृत्ती तीच असते.

दोन वाटा

घरातील ब्रॉडबँडच्या साहाय्याने या अडचणीतून मार्ग काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली ‘फेम्टोसेल’ची. पुस्तकाएवढ्या आकाराचा हा एक छोटा मनोराच असतो. तो कंपनीच्याच परवान्यातील लहरी घरापुरत्या प्रसारित करतो आणि संभाषण ब्रॉडबँडच्या तारेने कंपनीकडे पोचवितो. ब्रिटनमध्ये २००९ साली आणि अमेरिकेत त्याच सुमारास अशी यंत्रे ग्राहकांना विकत मिळू लागली. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीचे यंत्र सुमारे १५० डॉलरला मिळे. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीची सेवा बंद केली, तेव्हा पदरचे पैसे मोडून घेतलेली ती यंत्रे निरुपयोगी ठरली. यंत्र ग्राहकाच्या घरात आणि त्याचे आयुष्य मात्र कंपनीच्या हातात, हा धडा विसरण्याजोगा नाही.

दुसरी वाट ‘वायफाय कॉलिंग’ची, आणि भारतात हीच रूढ झाली. इंटरनेटमार्गे दूरध्वनी सेवा देण्याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या, २०१८ मध्ये परवान्यांत बदल झाले आणि डिसेंबर २०१९ व जानेवारी २०२० मध्ये दोन मोठ्या खासगी कंपन्यांनी ही सेवा सुरू केली. तीत वेगळे यंत्र लागत नाही. भ्रमणध्वनी घरातील राऊटरमार्गे कंपनीच्या केंद्राशी एक सुरक्षित वाट जोडतो; क्रमांक तोच, पुस्तिका तीच आणि वेगळा आकारही नाही. एका मिनिटाच्या संभाषणास साधारणतः एक मेगाबाइटच्या आसपास माहितीची देवघेव पुरते. वैतागून बाजारातून ‘बूस्टर’ आणून बसविणाऱ्यांनी तर या वाटेचा अवश्य विचार करावा. कारण विनापरवाना बूस्टर हा कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय तो परिसरातील इतर ग्राहकांच्या सेवेत व्यत्यय आणतो.

हिशेबाची दुसरी बाजू

येथवर सारे उत्तमच म्हणावयाचे. परंतु ‘वेगळा आकार नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा होत नाही. ज्या घरात ब्रॉडबँड आधीच आहे, त्याला या सेवेचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. मुलांचा अभ्यास, दूरचित्रवाणी, कचेरीचे काम यांसाठी घेतलेल्या जोडणीवर आणखी चार कॉल गेले, इतकेच. पण ज्या घरात ती नाही, त्याला केवळ घरात बोलता यावे म्हणून संपूर्ण जोडणी घ्यावी लागते. दरमहा चारशे रुपयांची साधी योजना धरली, तरी १८ टक्के वस्तू व सेवा करासह वर्षाला ५,६६४ रुपये होतात. दहा वॅटचा राऊटर अहोरात्र चालला, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज लागते. तिचे बिल वेगळे. शिवाय ही सुविधा असलेला भ्रमणध्वनी हवा. साध्या बटणांचा संच वापरणाऱ्या वृद्ध आईला तिचा उपयोग बहुधा होत नाही. म्हणजे एकच उपाय सुस्थितीतील कुटुंबास फुकट पडतो आणि अडचणीतील कुटुंबास सर्वांत महाग पडतो.

उलटपक्षी, घरातील प्रत्येक कॉल राऊटरवरून गेला की कंपनीच्या मनोऱ्यावरील भार तेवढा हलका होतो आणि नवा मनोरा उभारण्याची गरज पुढे ढकलली जाते. भांडवली खर्चाचा एक भाग अशा रीतीने कंपनीच्या ताळेबंदातून निघून ग्राहकाच्या घरखर्चात शिरतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा या स्थलांतरित खर्चाचा उल्लेखही कोठे झाला नाही. स्पर्धक अनेक असते, तर त्यांतील एखाद्याने घरातील सेवेसाठी सवलत देऊन ग्राहक खेचले असते. खासगी क्षेत्रात तीनच कंपन्या उरलेल्या बाजारपेठेत तशी निकड कोणास भासावी?

टाकी, पंप आणि राऊटर

मराठी मध्यमवर्गास हा अनुभव नवा नाही. नळाला पाणी कमी दाबाने येऊ लागले, तेव्हा त्याने जमिनीखाली टाकी बांधली आणि पंप बसविला. भारनियमन सुरू झाले, तेव्हा इन्व्हर्टर घेतला. प्रत्येक वेळी सार्वजनिक उणीव खासगी खर्चाने भरून निघाली आणि ज्याला तो खर्च परवडला, त्याच्या लेखी प्रश्न मिटला. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण घेऊन नेमकी हीच प्रक्रिया उलगडून दाखविली आहे. मालमोटारींचा पर्याय उपलब्ध झाल्यावर ज्यांच्या तक्रारीला वजन होते ते ग्राहक रेल्वे सोडून गेले आणि मागे उरलेल्यांचा आवाज ऐकण्याचे रेल्वेला कारण उरले नाही. वायफायच्या आश्रयास गेलेला ग्राहकही कंपनी सोडीत नाही, पण तक्रार करणे मात्र सोडतो. घरकाम करणारी बाई, भाड्याच्या खोलीतील विद्यार्थी, चाळीच्या तळमजल्यावरील निवृत्त कारकून यांची तक्रार मग एकाकी पडते.

त्यात आणखी एक धोका आहे. मनोऱ्याला बॅटरीचा आणि जनित्राचा आधार असतो. घरातील राऊटर वीज जाताच मुका होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावांत वीजही गेली आणि मनोरेही बंद पडले. संकटात दोन्ही आधार तुटू शकतात, हे खरे. म्हणूनच एका आधाराच्या भरवशावर दुसरा दुबळा ठेवणे शहाणपणाचे नव्हे. ११२ या क्रमांकावर मदत मागणाऱ्याचे ठिकाणही मनोऱ्यावरून जितके सहज कळते, तितके ते राऊटरवरून कळेलच अशी खात्री नसते.

काय करावयास हवे?

यावर उपाय वायफायला विरोध करण्याचा नव्हे. तंत्रज्ञान उपयुक्त आहे आणि ते अधिकाधिक ग्राहकांपर्यंत पोचावयास हवे. प्रश्न त्याच्या आडून जबाबदारी झटकली जाऊ नये, एवढाच आहे. नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले आणि कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करणे भाग पडले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु सेवेच्या चाचण्या बहुतांशी रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांतून होतात. माणसे राहतात घरात आणि मोजमाप होते रस्त्यावर, ही विसंगती दूर झाली पाहिजे. घरांत, शाळांत आणि दवाखान्यांत नमुना चाचण्या घेऊन त्यांचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि त्यांत ग्राहकाच्या स्वतःच्या ब्रॉडबँडवरून झालेले कॉल कंपनीच्या खात्यावर जमा धरले जाऊ नयेत.

दुसरी गोष्ट इमारतींची. इमारतीच्या आत सर्व कंपन्यांना समान प्रवेश मिळावा, अशी शिफारस प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्येच केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना दूरसंचार सुविधेनुसार श्रेणी देण्याचे नियमही आले. मात्र श्रेणीसाठी अर्ज करावयाचा की नाही, हे मालकाच्या इच्छेवर आहे. पाण्याची व अग्निशमनाची व्यवस्था पाहिल्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. मग सामायिक अंतर्गत जाळ्याची तरतूदही त्याच यादीत का असू नये? बांधकाम चालू असताना हा खर्च अल्प असतो. भिंती उभ्या राहिल्यावर तोच अनेक पटींनी वाढतो.

तिसरी गोष्ट ज्यांच्या घरी ब्रॉडबँड परवडत नाही त्यांची. ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची तार नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि सार्वजनिक वायफायसाठी ‘पीएम-वाणी’ योजना डिसेंबर २०२० मध्ये आली. शाळा, उपकेंद्र आणि ग्रामपंचायत यांच्या वायफायवरून गावकऱ्यांस बोलता आले, तर टाळेबंदीच्या काळात अभ्यासासाठी डोंगरमाथा गाठणाऱ्या कोकणातील मुलांवर आली, तशी वेळ पुन्हा येणार नाही. त्यासाठी तारेइतकीच वीज आणि देखभालही लागते, एवढे भान योजना आखताना ठेवावयास हवे.

घरात राऊटर बसविणे हा ग्राहकाचा समंजसपणा आहे. तो कंपनीचा हक्क नव्हे. ज्या सेवेचे पैसे महिन्याच्या आरंभीच आगाऊ घेतले जातात, ती सेवा उंबरठ्यापाशी थांबत असेल, तर उंबरठ्याच्या आतील हिशेब मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. तो हिशेब वायफाय असलेल्यांनीही मागितला पाहिजे, कारण ज्यांच्याकडे ते नाही त्यांचा आवाज आधीच तुटतो आहे.