हमी कॅपची, मुळाची नाही

रूट कॅनलचं अंदाजपत्रक हातात पडलं की बहुतेकांची नजर दोन आकड्यांवर जाते. एक मुळाच्या कामाचा, दुसरा कॅपचा. पहिल्यावर आपण घासाघीस करतो आणि कॅप मात्र झिर्कोनियाची, हमीचं कार्ड मिळणारी निवडतो. घरखर्चाच्या या सदरात मी एरवी स्वस्ताची बाजू घेतो. इथे मात्र आपली काटकसर भलत्याच जागी चालते.

दाढ किती टिकणार, हे बरंचसं मुळाच्या आत ठरतं. तिथल्या नळ्या बारीक आणि वाकड्या. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार असतात, आणि ती चौथी सहज सापडत नाही. शोधायला वेळ लागतो, भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप लागतो. शिवाय काम चालू असताना थुंकीतले जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवावा लागतो. भाव पाडून गर्दी ओढली, की पहिली काट याच वेळेला लागते. नळी राहून गेली तरी लगेच काही दुखत नाही. काही वर्षांनी हिरडीवर पुटकुळी येते, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. मग कॅपला भोक पाडा किंवा ती कापून काढा, रूट कॅनल पुन्हा करा, बहुतेकदा कॅपही नवी करा. हमी कॅप तुटण्याची होती. तिच्याखालच्या मुळाची कोणी दिली नव्हती.

म्हणून भाव विचारण्याआधी विचारावं, रबर डॅम लावता का? काम झाल्यावरचा एक्स-रे मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. पैसे वाचवायचेच असतील तर कॅपमध्ये वाचवा. हसताना न दिसणाऱ्या मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम चालते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. (पण धातूची म्हटलं की घरात कुणाला तरी आजोबांची कवळी आठवते आणि विषय तिथेच संपतो.)

याचा अर्थ महाग ते चांगलं असाही नाही. गुळगुळीत फरशी, हप्त्यांची सोय आणि फुकट तपासणीत एकदम सापडलेले सहा किडके दात, हे सगळं एकत्र दिसलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. वरच्या कवचापुरती सुरुवातीची कीड फ्लोराइड लावून, लक्ष ठेवूनही थांबवता येते. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आहे, नायरचं आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो. खेपा मात्र वाढतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाने बुडालेली मजुरीही हिशोबात धरायला हवी.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे, “डॉक्टर, काढूनच टाका.” अक्कलदाढ असेल किंवा वाचवण्याजोगं काही उरलंच नसेल तर ठीक. एरवी रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरची दाढ तिथे उतरू लागते, जबड्याचं हाड झिजतं. पुढे ब्रिज करायचा तर सहसा दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट करायचं तर टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवावा लागतो, आणि त्याचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो. अपघात सोडला तर नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे हे उपचार सहसा बसत नाहीत.

ज्या दाढेवर कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त वाचतं, तिच्याकडे तर आपलं लक्षच नसतं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. “दुधाचीच आहे, पडेल,” म्हणून आईबाबा तिची कीड तशीच राहू देतात. त्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवायला रूट कॅनल आणि कॅपच्या मानाने किरकोळ खर्च येतो. ओळखायची कशी? दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूला वर दोन, खाली दोन एवढ्याच असतात. मागे तिसरी दिसली, तर ती पडणारी नाही.