आहे, पण सांपडत नाहीं

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा कज्जा उपस्थित झाला. त्यांत चूक सर्वस्वीं आमचीच असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

न्यायशास्त्राची ओळख करून देणारें, आमच्या वडिलांनीं छापविलेलें एक छोटें पुस्तक घरांत आहे. प्रत एकच, आणि कागद असा जीर्ण कीं, पान उलटतांच कोपरा हातांत यावा. पानांचीं छायाचित्रें घेऊन संगणकाकडून तीं वाचवून घ्यावीं, असा आमच्या नातवाचा बेत. त्यासाठीं ‘टेसरॅक्ट’ नांवाचा, देवनागरी ओळखणारा प्रोग्राम आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत तो तयार झाला व २००५ सालीं सर्वांस खुला झाला. लिनक्सवर तो आयताही मिळतो. पण नातवास नवी आवृत्ति हवी होती. म्हणून मूळ संहिता आणून त्यानें ती घरींच कंपाइल केली, म्हणजे यंत्रास चालवितां येईल अशा रूपांत आणली.

प्रोग्राम चालवूं जातां उत्तर आलें: ‘लिबटेसरॅक्ट.एसओ.५’ ही शेअर्ड लायब्ररी उघडतां येत नाहीं; अशी फाइलच नाहीं!

“तूंच कांहींतरी पुसून टाकलें असशील,” असा आम्हीं तत्काळ निकाल दिला.

“आजोबा, मीं कांहींएक पुसलेलें नाहीं.”

आम्हीं ऐकलें नाहीं. तोही चिडला, आणि सारी प्रणाली पुसून नव्यानें बसविण्यास निघाला. पानांचीं छायाचित्रें त्याच यंत्रांत होतीं. दुसरी नक्कल नव्हती. आणि तीं घेतांना पुस्तकाच्या कित्येक पानांचे तुकडे झालेले!

इतक्यांत सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, फाइल नाहीं, कीं सांपडत नाहीं? होळीला आपण पुरणयंत्र शेजारून आणलें, आणि तें आपल्याच माळ्यावर होतें. कोठीच्या यादींत लिहिलेलें नव्हतें, इतकेंच.”

त्यांनीं वर्मावरच बोट ठेवलें. अनेक प्रोग्रामांस लागणारें सामाईक काम एकेका लायब्ररींत ठेवलेलें असतें. एकत्र कुटुंबांत एकच पाटा-वरवंटा सर्वांस पुरतो, तसें. प्रोग्राम सुरू होतांना लोडर नांवाचा कारभारी त्या लायब्ऱ्या आणून जोडतो. परंतु तो सारें घर धुंडाळीत नाहीं. ठराविक जागा व आधीं करून ठेवलेली यादी, एवढेंच तो पाहतो. घरीं कंपाइल केलेली लायब्ररी बहुधा ‘यूएसआर’मधील ‘लोकल’च्या ‘लिब’ या फोल्डरांत जाऊन पडते. डेबियन-उबुंटूंत ही जागा नोंदलेली असते, पण यादी नव्यानें लिहावी लागते. फेडोरासारख्या प्रणालींत कित्येकदां मुळीं जागेचीच नोंद नसते.

अशा प्रसंगीं क्रम असा ठेवावा. प्रथम ‘एलडीडी’ ही आज्ञा त्या प्रोग्रामाच्या पत्त्यासह द्यावी. जी लायब्ररी सांपडत नसेल तिच्यापुढें ‘नॉट फाउंड’ असें येतें. (अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रामावर मात्र ही आज्ञा चालवूं नये, क्वचित् तो प्रोग्रामच चालूं लागतो.) मग ‘फाइंड’ आज्ञेनें ती फाइल शोधावी. कोठेंच नसेल, तर ती खरोखरीच आणून बसवावी लागेल. असेल, तर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ म्हणावें. यादी नव्यानें लिहिली जाते. जागेचीच नोंद नसेल, तर त्याआधीं ‘ईटीसी’मधील ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरांत, ‘.कॉन्फ’ अशा शेवटाची एक फाइल करून तींत लायब्ररीच्या जागेचा पत्ता लिहावा.

यंत्रावर तेवढा अधिकार नसेल, तर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलांत तो पत्ता देऊन तात्पुरतें काम भागतें. तें कायमचें करूं नये; इतर प्रोग्रामही तिकडेच पाहूं लागतात व भलतीच आवृत्ति उचलतात. आणि चार क्रमांकाची लायब्ररी मागितली असतां पांचाच्या लायब्ररीस चाराचें नांव देऊन वेळ मारून नेऊं नये. क्रमांक बदलला, म्हणजे बोलीचालीचा करारच बदलला असें समजावें.

नातवानें शोध घेतला. फाइल जागच्या जागीं होती. एक आज्ञा दिली, आणि प्रोग्राम चालूं लागला. पहिल्याच पानावर वडिलांचें नांव उमटलें, एका जोडाक्षराच्या चुकीसह!

त्याच पुस्तकांत पुढें योग्यानुपलब्धीचें प्रकरण आहे. वस्तु असती तर जेथें दिसलीच असती, तेथें ती न दिसली तरच तिचा अभाव सिद्ध होतो; एरवीं ‘दिसत नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’ नव्हे. हा नियम आम्ही मुलांस वर्षानुवर्षें शिकवीत आलों, आणि घरच्या मुलावर आळ घेतांना नेमका विसरलों.

“बाळ, आमची चूक झाली,” असें आम्हीं सर्वांदेखत म्हटलें. तो हंसला, आणि प्रथम त्यानें छायाचित्रांची दुसरी नक्कल काढली.